उलटं झाकण

घरात येताना पाय पुसायचे असतात, एवढी साधी गोष्ट त्या सुनेला कुणी शिकवली नव्हती. एक बूट दारात, दुसरा जिन्याखाली आणि चिखल सगळ्या घरभर. चहा माणसासारखा बसून प्यायचा, तर ही खिडकीशी उभी राहून प्यायची, पाण्याकडे बघत, जशी काही हिची बस चुकणार आहे. काही विचारलं तर "हो", "नाही", नाहीतर "बघू". सासू म्हणायची, मुलगा बोलका निघाला म्हणून बरं, नाहीतर या घरात भिंतींनाच एकमेकींशी बोलायची वेळ आली असती.

सून पायवाटांच्या कचेरीत कामाला होती. धरणाच्या पाण्याला वळसा घालून ज्या वाटा जातात, त्या नीट ठेवायचं तिचं काम. पडलेली झाडं बाजूला ओढायची, खचलेल्या पायऱ्या पुन्हा बसवायच्या, झाडांवर पिवळे पट्टे मारायचे, आणि जिथं झाडच नाही तिथं खुणेला दगडांची चळत रचायची, म्हणजे चालायला आलेली माणसं भरकटत नाहीत. माणसंही ढिगानं यायची. जुन्या पुलाच्या पाण्याबाहेर राहिलेल्या कमानी बघायला, पडक्या पाणचक्कीपुढे फोटो काढायला, पलीकडच्या टेकडीवरच्या टेहळणी बुरुजावर चढून धापा टाकायला. त्यांतली काही याच घराच्या वरच्या खोल्यांत उतरायची. मुलगा त्यांना गरम सूप आणि पाव द्यायचा, सासू त्यांना शिस्त लावायची.

पुलाच्या आणि बुरुजाच्या मधे पाण्याखाली एक गाव होतं. ते सासूचं माहेर. पण तिच्यापुढे त्याचा विषय काढायची सोय नव्हती. कुणी पाहुण्यानं हळहळून विचारलं, की गाव बुडालं तेव्हा तुम्हाला कसं वाटलं हो, की ती म्हणायची, "दमट गाव होतं. भिंतींना बुरशी यायची. बुडालं ते बरं झालं, धुऊन तरी निघालं." गेली कित्येक वर्षं ती हेच बोलत आली होती, आणि बोललेलं मागे घ्यायचा तिचा स्वभाव नव्हता.

खरं काय ते एकट्या थोरल्या बहिणीला ठाऊक होतं. दोघी पाणचक्कीच्या पडक्या भिंतीवर बसायच्या, आणि थोरली बोट दाखवून म्हणायची, "ते बघ, तिथं आईचं दार." पाण्यावर काय दिसणार, पाणीच. पण बोट बरोबर जायचं. मग थोरली गेली. त्यानंतर एकदा सासू एकटीच तिथं जाऊन बसली, बोट उचललं, आणि ते हवेतच राहिलं. कुठं रोखायचं तेच कळेना. इकडं की तिकडं? कमानीच्या अलीकडं की पलीकडं? ती तशीच उठून घरी आली आणि दिवसभर सगळ्यांवर खेकसत राहिली.

पाणी उतरलं तशी ती रोज दुपारी "पाय मोकळे करून येते" म्हणून काठी घेऊन निघू लागली. चिखलातून जुन्या गल्लीची फरसबंदी थोडी वर आली होती. तिच्यावर उभं राहून, आईच्या दारातून सकाळी काय दिसायचं ते आठवत आठवत तिनं रेष धरली. काठावर दगडांची एक चळत रचली, पाण्याकडे थोडी खाली दुसरी. एकीवरून दुसरीकडं बघायचं, तशीच नजर सरळ बुरुजाच्या पायथ्याला न्यायची. त्या रेषेत, शेवटच्या कमानीसमोर, आईचं दार. पाणी पुन्हा चढून फरसबंदी झाकली गेली तरी आता ते कुठं जात नव्हतं.

आणि दोन्ही चळतींवर तिनं एकेक चपटा दगड ठेवला, फुगीर बाजू खाली करून. का, तर ती स्वयंपाकघरातली सगळी झाकणं तशीच ठेवायची, धरायचं बोंड आत, सपाट बाजू वर. म्हणजे त्यावर दुसरं भांडं बसतं. आई तसंच ठेवायची. मुलगा लहानपणापासून हसायचा, "आई, हे झाकण आहे की टोपी पडलीय?" साऱ्या जगात असं झाकण ठेवणारं दुसरं कुणी तिला कधी भेटलं नव्हतं.

तर झालं असं, की पाणी चढायला लागल्यावर एका दुपारी ती गेली, आणि चळती जागेवर नव्हत्या.

म्हणजे चळती होत्या. पण वर, गवताच्या कडेला. तिनं खाली सोडल्या होत्या तिथं नुसती ओली माती. पहिल्यांदा तिच्या मनात आलं, ही उनाड चालणारी पोरं, यांना हात आवरत नाहीत. मग तिनं जवळ जाऊन पाहिलं. वरचा दगड उलटा होता. फुगीर बाजू खाली, नीट, जसा तिनंच ठेवला असता.

दुसऱ्या कुणी ठेवला असता तर सुलटाच ठेवला असता. मग हे आपणच केलं? कधी? काल आपण आलो होतो का? आलो होतो. चळती वर आणल्या? का आणू? तिनं डोक्याला ताण दिला, पण डोक्यात नुसतं गरगर. समोर बुरूज तर दिसत होता, पण चळतच चुकली असेल तर रेष तरी कसली खरी? तिनं एकेक दगड पुन्हा खाली नेला, जमेल तसा, ओल्या मातीत आधीचा ठसा दिसेल तिथं. चार दिवसांनी जाते तो चळती पुन्हा वर. झाकण उलटं.

त्यानंतर सासूचं सगळं बिनसलं. ती स्वतःचीच परीक्षा घ्यायला लागली. गल्लीतली घरं ओळीनं म्हणायची: न्हावी, सुतार, आंधळी मावशी, आम्ही, मग... मग कोण? डबे उघडून बघायची, आपण कुठं काय ठेवलं ते. एकदा चष्मा सापडेना, तर तिला घाम फुटला. तो कपाळावर होता, आणि तो तर कुणाचाही असतो, पण तिचा जीव टांगणीलाच. ती मनाशी म्हणायची, थोरली गेली, आता माझं डोकं गेलं, म्हणजे ते दार दोनदा बुडालं.

राग मात्र सगळा सुनेवर. "भांडं असं ठेवतात?" "दिवा कुणी चालू ठेवला?" "माझ्या मागे मागे काय बघतेस?"

सून खरंच बघायची. चहाचा पेला हातात धरून, काही तरी विचारावंसं वाटल्यासारखी. मग म्हणायची, "काही नाही," आणि बूट चढवून चालती व्हायची.

मुलानं एकदा विचारलं, "आई, तुझं काही हरवलंय का?"

"तुझं काम हरवलंय. ते सूप उतू चाललंय बघ," ती म्हणाली, आणि आत जाऊन झाकणांकडं बघत उभी राहिली.

शेवटी तिनं ठरवलं, आपण काय करतो ते आपणच डोळ्यांनी बघायचं. सकाळीच निघाली आणि पाणचक्कीच्या भिंतीमागे, जिथं जुन्या चाकाची खाच आहे, तिथं दडून बसली. चळती काल तिनंच पुन्हा खाली नेल्या होत्या. निदान तिला तसं आठवत होतं.

थोड्या वेळानं एक नवरा-बायको आले. चळत दिसली तशी नवरा तिच्याकडं उतरला, पुढे दुसरी दिसली, तिच्याकडं गेला आणि घोट्यापर्यंत चिखलात रुतला.

"खूण तर इकडंच होती," तो म्हणाला.

"खूण इकडं, वाट तिकडं, आणि तू नेहमीसारखा भलतीकडं," बायको वरून म्हणाली. "ये वर, बूट मी धुणार नाही."

सासूला हसू येणार होतं, पण आलं नाही. म्हणजे लोक आपल्या चळतींना वाटेची खूण समजून पाण्यात जातात? हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आईचं दार दाखवायला लावलेले दगड, आणि त्यावरून माणूस थेट चिखलात. आता चळती काढाव्यात तर दार जातं, ठेवाव्यात तर कुणीतरी बुडतं. ती गोंधळून तशीच बसली.

मग सून आली. हातात बादली, खांद्यावर फावडं. तिनं खालची चळत बघितली आणि कपाळाला हात लावला. मग वाकून एकेक दगड उचलून वर आणायला लागली. गवताच्या कडेला जरा थांबली, एक डोळा मिटून उरलेल्या चळतीवरून बुरुजाकडं बघितलं, दोन पावलं डावीकडं सरकली, पुन्हा बघितलं, आणि तिथं रचायला बसली. सगळ्यात शेवटी चपटा दगड घेतला. तो आधी सुलटा ठेवला. मग उचलला, उलटा केला, आणि तळहातानं दाबून बसवला, डब्याचं झाकण बसवतात तसा. मग दुसरी चळतही तशीच रेषेत वर आणली.

सासू भिंतीमागून उठली. गुडघे वाजले, तशी सून दचकली.

"तू?"

सून उभी राहिली. हातांना चिखल. "आई, इथं थंडीत कशाला बसलात?"

"मी विचारतेय. दगड तू हलवतेस?"

"हो."

"हो काय हो. सांग नीट. आणि ते वरचं?"

"माणसं पाण्यात जायला लागली, आई. कचेरीतून सांगितलं, चळती पाडून टाक. मी पाडायलाच आले होते पहिल्यांदा. पण वरचा दगड बघितला. आपल्या घरातल्या झाकणासारखा. म्हटलं, या आईंच्या आहेत. कशाला लावल्यात ते कळेना. नुसते दगड उचलून कुणी काठावर आणत नाही. बुरुजाच्या रेषेत लावल्यात एवढं दिसलं. आमच्या कामातही एका खुणेवरून पुढची दिसायला लागते, म्हणून मग रेष न मोडता वर आणल्या. वर असल्या की माणसं गवतातच राहतात. आणि झाकण तसंच ठेवलं, म्हटलं, तुम्हाला लागेल."

एवढं बोलताना सासूनं तिला कधी ऐकलं नव्हतं. ती वरच्या चळतीमागे गेली. गुडघ्यावर हात टेकून वाकली, एक डोळा मिटला. चळतीवरून चळत, तिच्यावरून बुरुजाचा पायथा. मधे पाणी, आणि शेवटची कमान. रेष होती. सगळा वेळ तीच रेष होती. तिनं हात उचलला, बोट सरळ गेलं आणि तिथंच थांबलं.

"तिथं काय आहे, आई?" सुनेनं हळूच विचारलं.

"दार आहे. माझ्या आईचं."

सुनेनं हात गवताला पुसले, सासूच्या शेजारी तशीच वाकली, आणि तिनंही एक डोळा मिटला. दोघी बघत राहिल्या. वाऱ्यानं पाण्यावर सुरकुत्या पडत होत्या आणि जात होत्या.

सासू सरळ झाली. तिनं काठीनं सुनेच्या बुटाला टोचलं.

"मला वाटलं माझं डोकं गेलं," ती म्हणाली. "रात्ररात्र झोप नाही मला. गल्लीतली घरं मोजत पडले होते. आणि तू खिडकीशी उभी राहून चहा पीत होतीस."

"विचारणार होते. रोज विचारणार होते. पण मी विचारलं असतं, तर तुम्ही सांगितलं असतंत?"

सासूनं विचार केला. पाहुण्यांपुढं खोटं बोलायची तिला सवय होती, पण ती सुनेपुढं आता लावून घ्यायची नव्हती.

"नसतंच सांगितलं. तरी विचारायचं असतं. दगड हलवलेस त्याचं काही नाही, झाकण तर माझ्यापेक्षा नीट बसवलंस. पण विचारलं नाहीस, तिथं चुकलीस. आता चल घरी. आणि आज तरी पाय पूस."