विस्कॉन्सिनची आई

पक्षाच्या अधिवेशनात कोणता पुढारी किती वेळ बोलणार, ते त्याच्या वजनावर ठरतं. त्यात आम्हा कार्यक्रम आखणाऱ्यांना कोणी विचारत नाही. आमच्याकडे यायची ती 'साधी माणसं'. चार दिवसांत अकरा, प्रत्येकी दोन मिनिटं. आणि त्यांना निवडायचं आम्ही, ज्यांनी वर्षानुवर्षं साधा माणूस फक्त आकडेवारीत पाहिलेला.

व्हर्ना टॉल्फसन मलाच सापडली. मिनेसोटातल्या एका शाळेत मुलांना जेवण वाढणारी बाई. तिचा मधुमेही मुलगा कोल्बी सव्विसाव्या वर्षी, नियमाप्रमाणे, आईच्या विम्यातून बाहेर पडला. इन्सुलिन परवडेना, म्हणून अर्धं अर्धं टोचत राहिला आणि एक दिवस गेला. त्याचं नाव सगळ्या देशानं एकदा ऐकावं, एवढंच तिला हवं होतं. तिनं पाच पानं लिहिली होती. मी ती कापत कापत दोन मिनिटांवर आणली. त्याची मासेमारी गेली, त्याचा कुत्रा गेला, नाव तेवढं राहिलं. तिनं एकदाही कुरकुर केली नाही.

अधिवेशनाला नऊ दिवस उरले असताना मतदारांचे नवे कल आले. आमचा प्रमुख ग्रेडी यानं वक्त्यांच्या फळ्यावरचं व्हर्नाचं कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं.

"मिनेसोटा आता आपल्या खिशात आहे. लढत विस्कॉन्सिनमध्ये आहे. तिथली एखादी आई शोध."

तिला होकार कळवून झालाय, असं मी म्हटलं. मग नकार कळव, म्हणाला, आणि सँडविच खायला लागला. मला त्याचा राग आला. पण खरं सांगायचं तर माझा स्वतःचा जास्त आला, कारण विस्कॉन्सिनमधल्या तसल्या आयांची नावं मला तोंडपाठ होती.

अशा वेळी आम्ही 'कार्यक्रम लांबला' असं सांगतो. व्हर्नाला मात्र मी फोनवर खरं कारण सांगून टाकलं.

"बाळा," ती मग हळूच म्हणाली, "आमचं गाव अगदी हद्दीवरच्या नदीवर आहे, पलीकडे विस्कॉन्सिन. त्या दिवशी अँब्युलन्सनं त्याला पुलावरून पलीकडे नेलं होतं. म्हणजे तो वारला विस्कॉन्सिनमध्येच. ते चालेल का?"

विचारून सांगते, मी म्हणाले. विचारायलाच नको होतं.

ग्रेडीनं एकच प्रश्न केला, मृत्यूचा दाखला कुठला? विस्कॉन्सिनचा, मी म्हटलं. कार्ड पुन्हा फळ्यावर गेलं, आणि भाषणाचं पहिलं वाक्य आता त्या राज्याच्या नावानं सुरू होणार होतं.

मी तिला लगेच कळवलं. ती रडायलाच लागली, आनंदानं. माझे आभार मानले, साहेबांनाही सांग म्हणाली.

"अगं, नदीच्या अलीकडेही एक हॉस्पिटल आहे आमच्याकडे," ती म्हणाली. "तिथे नेलं असतं तर? बरं झालं बाई, तो विस्कॉन्सिनमध्ये..."

ती थांबली. फोन मात्र दोघींपैकी कोणीच ठेवला नाही.