मोहाखालचं न उडालेलं पान

थांबा, पाय टाकायच्या आधी जरा खाली बघा. तुम्हाला जे वाळकं पान वाटतंय ना, ते मीच बोलतोय. मी सालेकशाच्या रानातला पतंग. दोरी लावून उडवतात तो नव्हे. त्याच्याकडे निदान कुणीतरी मान वर करून बघतं.

माझा जन्म या मोहाच्या झाडावर चढलेल्या गुळवेलीवर झाला. अळी होतो तेव्हा अंगावर मोठे खोटे डोळे होते, पाखरं बिचकायची. पुढे एका पानात स्वतःला गुंडाळून घेतलं, निजलो आणि उठलो तो पंख घेऊनच. वरचे पंख हुबेहूब वाळक्या पानासारखे: मधे शीर, कडेला सुरकुती, एखादा कुजका डागसुद्धा. खालचे झकास नारिंगी, पण ते झाकून ठेवायचे. नवे कपडे पेटीत आणि अंगावर फाटके, अशी आमच्या घराण्याची रीत. शिकवण एकच, काही झालं तरी हलायचं नाही.

या शिकवणीचा मला भारी गर्व. वरच्या फांदीवर कोतवाल पक्षी दुभंगलेली शेपटी मिरवत बसे आणि मी त्याच्या नाकासमोर खुशाल पडून राही. त्याची मला कीव यायची.

माणसांत ही कला जाणणारा एकच भेटला, उदाराम. हा मोह त्याच्याच घरचा. त्याची बायको दुर्पता सरपण मोडायला लागली की हा बुंध्याला टेकून दुपट्टा तोंडावर ओढून घेई. हाका मारल्या तरी बोट हलवत नसे. मला तो मोठा कलावंत वाटायचा. दुर्पता मात्र एकदाच त्याच्याकडे बघे, निजलेला माणूस इतका नीट निजत नाही म्हणे, आणि कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या पायाला लावी.

मग मोहफुलांचा हंगाम जवळ आला. गळलेली फुलं साफ जमिनीवर दिसावीत म्हणून माणसं आधीच झाडाखालचा पाला लोटून जाळतात. रानाच्या जिवावर जगायचं आणि रानालाच काडी लावायची, मोठी सोयीची पद्धत आहे. त्या सकाळी दुर्पतानं खराट्यानं पाला लोटला, ढीग केला. ढिगात मी. पान म्हणून इतकी मान्यता मला आजवर कुणी दिली नव्हती.

उदारामनं एका कडेला काडी लावली. धूर निघाला तसा कोतवाल खालच्या फांदीवर आला. आग लागली की किडे उडतात, हे त्याला पाठ आहे. बसलो तर भाजणार, उडालो तर त्याच्या पोटात जाणार. मला भीती वाटली, अगदी खरी. मी घराण्याची शिकवण आठवली आणि पाय घट्ट रोवले.

आग नीट धरेना, म्हणून दुर्पता वाकली आणि तिनं जोरात फुंकर मारली. आजूबाजूची पानं भुर्रकन उडाली. मी जागचा हललो नाही. तिनं दुसरी फुंकर मारलीच नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

"काऊन थांबून राहिली वं?" उदारामनं विचारलं.

"पान असतं तं उडलं असतं," ती म्हणाली. "हा सोंग घेऊन बसला आहे. तुमच्यासारखा."

तिनं मला सरळ चिमटीत उचललं, टोपलीत टाकलं आणि वरून पदर झाकला. त्यात माझा एक पंख फाटला. ढिगाच्या दुसऱ्या टोकाला माझे भाऊबंद बसले होते. त्यांनी शिकवण शेवटपर्यंत पाळली.

आग विझल्यावर तिनं मला बुंध्याच्या मागच्या अंगाला सोडलं, आता मी तिथंच असतो. फाटक्या पंखातून नारिंगी दिसतं, त्यामुळे सोंग अर्धंच वठतं. दिवसही थोडेच उरलेत. कुणी ओळखू नये म्हणून जन्मभर धडपडलो आणि एका बाईनं ओळखलं म्हणून वाचलो. हे सांगावं तर ऐकायला घराण्यात कुणी शिल्लक नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. पाला जाळणं तुम्ही सोडणार नाही, तेवढी अक्कल मी मागत नाही. पण काडी लावायच्या आधी एकदा फुंकर मारा. उडतील ती पानं. आणि जो शहाणा हट्टानं बसून राहील, त्याला उचला.