सव्वीस वर्षं सिएनाच्या दारात

विंकोने ओसियेक शहरातल्या एका सहल कंपनीची बस एकतीस वर्षं चालवली. व्हिएन्ना, प्राग, क्राकोव, फ्लोरेन्स, रोम, कुठलंही नाव घ्या, विंको तिथे जाऊन आलेला असायचा. आळीतलं कोणी फिरायला निघालं की आधी त्याच्या अंगणात येऊन बसायचं आणि जर्दाळूच्या दारूचा घोट घेत विचारायचं, "काय बघावं रे?" विंको सांगायला बसला की ऐकत राहावं. सिएनाच्या मनोऱ्याला चारशे पायऱ्या, गुडघे सांभाळा. तिथला चौक शिंपल्यासारखा उतरता, त्याचे नऊ भाग. देवळाचे खांब काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे. सगळं तोंडपाठ.

त्याच्या बायकोने, नेवेन्काने, एकोणतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांना जेवू घातलं. झादरचा समुद्र सोडला तर तिने कधी काही बघितलं नव्हतं. दोघं निवृत्त झाल्यावर विंकोने पार्सल वाहून थकलेली एक जुनी व्हॅन घेतली आणि हिवाळाभर खपून तिच्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी असं सगळं बसवलं. पडदे नेवेन्काने शिवले. मे महिन्यात दोघं इटलीला निघाली.

पादुआला पोचल्यावर विंको म्हणाला, "तू पुढे हो, गॅसचा नळ जरा सैल वाटतोय." रावेन्नाला पाणी भरायचं निघालं. फेर्राराला तर मागच्या चाकातून आवाज येतोय म्हणत तो दुपारभर व्हॅनखाली आडवा पडून होता. नेवेन्का एकटी जाऊन बघून आली. परतल्यावर ती काय काय पाहिलं ते सांगायची आणि विंको मान डोलवत त्यात भर घालायचा, इतकी की आपण पाहिलेलं तिला अर्धवट वाटायला लागायचं.

सिएनाच्या आदल्या दिवशी मात्र तिने बजावलं. "उद्या नळ गळो नाहीतर चाक निखळून पडो, तू माझ्याबरोबर येणार. सिएनात मला तूच हिंडवायचंस."

"त्यात काय," विंको म्हणाला. पण त्या दिवशी त्याने ताटातलं निम्मं तसंच ठेवलं.

सकाळी तो सव्वीस वर्षांच्या सवयीने तटाखालच्या बसतळावर वळला. दाराशी अंजिराच्या झाडाखाली राखणदार ओत्ताव्हियो बसला होता. पांढऱ्या मिशांचा, ढेरपोट्या. व्हॅनमधून उतरणारा माणूस ओळखताच तो उठला आणि त्याने विंकोला कवेत घेऊन पाठीवर चांगले चार रट्टे घातले.

"दोन वर्षं तोंड दाखवलं नाहीस. आम्हाला वाटलं, मेलास."

"निवृत्त झालो. ही नेवेन्का."

ओत्ताव्हियोने तिचा हात हातात घेतला. बसवाल्यांची एक खिचडी भाषा असते. चार शब्द इटालियन, दोन जर्मन आणि उरलेले हातवारे. त्याच भाषेत त्याने विचारलं, "दुपारी जेवायला आहात ना? आज पोलिश भाऊ सॉसेज घेऊन आलेत."

"आधी गाव," नेवेन्का वर बोट दाखवत म्हणाली. "विंको मला गाव दाखवणार आहे."

"विंको? गाव?" ओत्ताव्हियोच्या भुवया वर गेल्या. विंकोने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचे शब्द त्याने गिळले. मग तो म्हणाला, "त्या जिन्याने वर जा." ते ऐकून नेवेन्काला जरासं नवल वाटलं. सव्वीस वर्षं येणाऱ्याला जिना दाखवावा लागतो?

जिना चढून गेल्यावर विंको ठामपणे डावीकडे वळला. मग उजवीकडे. मग एका कमानीखालून खाली. वाटेत तो बोलत होता. या गावात सतरा मोहल्ले, प्रत्येकाचं निशाण वेगळं, कोणाची गोगलगाय, कोणाचं कासव. सगळं खरं होतं. फक्त ज्या लाँड्रीच्या दारात एक जाडी बाई चादरी घडी करत होती, तिथे ती दोघं वीस मिनिटांनी पुन्हा आली आणि त्यानंतर पंधरा मिनिटांनी तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला बाईने चादर खाली ठेवली, कंबरेवर हात ठेवले आणि काही न विचारता बोटाने उलटी दिशा दाखवली.

नेवेन्का थांबली. समोर दगडी कट्टा होता, त्यावर बसली.

"विंको, बस इथे."

तो बसला.

"तू या गावात कितीदा आलायस?"

"साठ-सत्तर वेळा असेन."

"मी गावात म्हणाले. बसतळावर नाही."

विंकोने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. समोरच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावरून एक म्हातारी दोरीला बांधलेली टोपली खाली सोडत होती आणि खाली भाजीवाला तिची वाट बघत उभा होता. कांदे भरून ती टोपली वर पोचेपर्यंत विंको बघत राहिला.

"एकदाही नाही," तो शेवटी म्हणाला.

"आणि रोम?"

"रोमही नाही. व्हिएन्नात एकदा चपला घ्यायला बाहेर पडलो होतो, बसतळासमोरच्या दुकानात."

"मग त्या चारशे पायऱ्या?"

"गाइड माईकवर सांगायचे. एकच गोष्ट सत्तर वेळा कानावर पडली की पोपटालाही पाठ होते."

नेवेन्काला आधी राग आला. एकतीस वर्षं शेजाऱ्यापाजाऱ्यांत ती नवऱ्याच्या या हिंडण्याचा तोरा मिरवत आली होती. "मला तरी सांगायचंस," ती म्हणाली. "मी बटाटे सोलताना मनात म्हणायची, आत्ता माझा नवरा त्या चौकात कॉफी पीत बसला असेल. आणि तू बसच्या काचा पुसत होतास."

"काचा, आणि मागच्या सीटखालच्या पिशव्या."

"पण का रे? कोणी अडवलं होतं का?"

मग विंकोने तिला प्रागची गोष्ट सांगितली. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. प्रवासी गाव बघायला गेले, तसा तोही बस बंद करून पूल बघायला गेला आणि गल्ल्यांत हरवला. परतला तेव्हा सेहेचाळीस माणसं तासभर भिजत बंद बसपाशी उभी होती. "कोणी एक शब्द बोललं नाही मला. त्यात एक म्हातारी होती, थंडीने काकडत होती. नुसती बघत होती माझ्याकडे. त्यानंतर बस सोडून जायचं म्हटलं की पाय उचलायचाच नाही. पुढे त्याची सवय झाली. आणि घरी आलो की सगळे विचारायचे, काय काय बघितलंस. बसतळ बघितला म्हणून कसं सांगणार?"

"आणि आता? आता तर बसही नाही."

"आता लाज होती. तुझ्याबरोबर निघालो आणि कळलं, आपल्याला वाटही माहीत नाही."

नेवेन्काने त्याच्या गुडघ्यावरची टोपी उचलली आणि त्याच्या डोक्यावर घातली. "उठ. वाट तर मलाही माहीत नाही. पण तोंड आहे ना आपल्याला?"

तिने भाजीवाल्याला विचारलं. हाताने गोल काढून मध्ये बोट टेकवलं, तो समजला. तीन वळणं घेऊन, एका अंधाऱ्या बोळातून उतरून ती दोघं एकदम उन्हात आली.

चौक उतरता होता. शिंपल्यासारखाच. नऊ भागही होते, विंकोने बोटांवर मोजून घेतले. लोक विटांवर ऐसपैस पसरले होते, कोणी आडवे, कोणी पुस्तकात डोकं घालून. विंको हळूच खाली बसला आणि विटांवर तळहात ठेवला. "गरम आहेत गं," तो म्हणाला. "हे कुठल्याच गाइडने सांगितलं नव्हतं." मग तो आडवा झाला आणि मनोऱ्याकडे बघत इतका वेळ पडून राहिला, की नेवेन्का कॉफी घेऊन आली तरी उठला नाही. पायऱ्या चढायचं नाव दोघांनीही काढलं नाही.

दीडच्या सुमाराला दोघं बसतळावर उतरली. अंजिराखाली फळ्यांचं टेबल मांडलेलं होतं. दोन पोलिश भाऊ, एक हंगेरियन, एक स्लोव्हाक असे चार ड्रायव्हर आणि ओत्ताव्हियो. एकाने शेगडीवर भलं मोठं पातेलं ठेवलं होतं. नेवेन्काने झाकण उचलून आत पाहिलं, जीभ लावून चव घेतली आणि न विचारता डाव ताब्यात घेतला. व्हॅनमधून तिने लाल पेपरिका आणि खसखशीचा रोल आणला. तीनशे पोरं सांभाळलेल्या बाईला पाच पुरुष म्हणजे काहीच नव्हते. कोण कुठे बसणार, पाव कोण कापणार, सगळं तिने ठरवून टाकलं. हे सगळे विंकोला कसा मान देतात, कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाची पाठ दुखते हे त्याला कसं ठाऊक असतं, तेही ती बघत होती. सिएनात त्याच्या ओळखीचं गाव होतं तर. ते या झाडाखाली होतं, एवढंच.

"मग?" स्लोव्हाक ड्रायव्हर झ्देनेकने विचारलं. "कसं आहे वर?"

विंकोला पायऱ्या, शतकं, राजेरजवाडे सगळं सांगता आलं असतं. पण तो म्हणाला, "विटा गरम असतात. पाठ टेकली की उठवत नाही. आणि एका घरातून म्हातारी टोपलीतून कांदे वर ओढते."

मग पोलिश भावांतला थोरला, कझिमेश, जो सॉसेज घेऊन आला होता, पाव मोडता मोडता म्हणाला, "मी एकोणीस वर्षं येतोय."

"आणि वर?"

त्याने मान हलवली. झ्देनेकनेही हलवली. हंगेरियन म्हणाला की तो एकदा जिन्यापर्यंत गेला होता.

ओत्ताव्हियो मिशीतल्या मिशीत हसला. "सगळ्या युरोपातले ड्रायव्हर माझ्या गावात येतात आणि माझं गाव सोडून मलाच बघून जातात."

"तुमचे प्रवासी कधी परत येणार?" विंकोने विचारलं.

"साडेपाचला."

"मग जा. मी आहे इथे. चाव्या ठेवा, चौघांच्याही बस बघतो."

"आणि हरवलो तर?" कझिमेश म्हणाला.

"ही नेईल," विंकोने नेवेन्काकडे बोट दाखवलं. "लाँड्रीपाशी पोचलात तर समजा चुकलात."

नेवेन्काने ओला हात एप्रनला पुसला आणि एप्रन काढून विंकोच्या हातात दिला. चौघे ड्रायव्हर उठले, शर्ट खोचले, एकाने बसच्या आरशात बघून केस विंचरले. वर्षानुवर्षं बसून बसून त्यांचे गुडघे आखडलेले होते, त्यामुळे जिन्यावर ते एकामागून एक, कठडा धरून चढत होते. सगळ्यांत पुढे नेवेन्का, शाळेच्या सहलीची बाई असावी तशी, मागे वळून माणसं मोजत.

ती वळणाआड दिसेनाशी झाल्यावर विंकोने बाह्या सरसावल्या आणि ओत्ताव्हियोबरोबर पातेलं घासायला घेतलं.