गप्पीदास माझ्यावर बसायचा

मित्रांनो, मी कुंपणाचा एक जुना लाकडी खांब, आणि आधीच सांगून टाकतो, मी जळका आहे, आगीने नव्हे, मत्सराने.

सुताराने मला तासलं आणि माळाच्या मधोमध गाडलं. पुढे कुंपण मोडलं, तारा गेल्या, मी एकटा उरलो. त्या सपाट गवतात उंच असा मीच, म्हणून गप्पीदास माझ्यावर बसायचा. मूठभर काळापांढरा पक्षी, पण गायचा असा की माळ त्याच्या बापाचा! त्याचं घरटं खाली, गवताच्या बुंध्याशी.

गुराखी तिथे बारा महिने गाई चारायचा. गवत नखाएवढं उरलं, एका खुराखाली अंडी फुटली. तरी हा वेडा मला सोडून गाईंच्याच पायांत किडे टिपायला जायचा. माझ्याकडे काय किडे नव्हते? चांगली वाळवी होती!

मग माळाची राखण गुराख्याच्या वहिनीकडे आली. तिने पाखरांसाठी चराई साफ बंद केली. मी खूश झालो, पण तिने झाडंही लावली. येणारा-जाणारा रोपांना कुरवाळायचा, "किती गोड!" म्हणायचा. मला जन्मात कोणी गोड म्हटलं नाही.

झाडं वाढली, त्यांच्यावर कावळे बसू लागले आणि वरून घरटी हेरू लागले. खाली गवत इतकं दाटलं की टिपायला मोकळी जमीन उरली नाही. चंडोल गेले. गप्पीदासाची एकच जोडी राहिली.

एकदा दीर-भावजय माझ्याशेजारीच भांडले.

"वहिनी, पाखरांसाठी माझी गुरं हाकललीत. कुठायत पाखरं?"

"तुमच्या गुरांनी अंडी तुडवली, ते विसरलात भावजी?"

"तुडवली. आणि तुमच्या झाडांनी कावळे पोसले."

वहिनी हसली. "म्हणजे दोघांनी मिळून वाटोळं केलं म्हणा!"

मग ठरलं. घरट्यांच्या दिवसांत गुरं बाहेर. एरवी एकेक तुकडा पाळीने चारायचा, म्हणजे कुठे गवत आखूड, कुठे उंच राहील. मधली झाडं काढायची, नवी लावायची ती ओढ्याकाठी. झाडं पडताना मी मनात नाचलो.

शेवटच्या झाडावरचा कावळा उडाला आणि थेट माझ्या डोक्यावर बसला.

"भावजी, हा खांबही काढा," वहिनी म्हणाली. "नाहीतर मेला इथूनच घरटं लुटेल."

आता मी गोठ्यात उभा आहे. मला गाय बांधतात, ती माझ्यावर मान घासते. बोलण्यासारखं काही नाही.

काल वहिनी धावत आली. "भावजी, गप्पीदासाची पिल्लं उडाली!"

"अरे वा! आणि तो बसतो कुठे आता?"

"गवताच्या काडीवर."

काडीवर! वाऱ्याने लवणाऱ्या, करंगळीएवढीही जाडी नसलेल्या काडीवर! मित्रांनो, माळावर गेलात तर ती मोडू नका. हे मी सांगतोय, ज्याला ती डोळ्यांसमोर नको आहे.