सरजाबाईचा सिग्नल
औशाचा रस्ता रुंद झाला आणि सरजाबाईचं जग निम्मं झालं. विहार पलीकडं, बाजार पलीकडं, जिवाची मैत्रीण गौरम्मा पलीकडं. आणि सरजाबाई अलीकडं, पंचाहत्तरीची, दुखऱ्या गुडघ्यांची. सिग्नल होता, पण पायी माणसाला त्यात मिळणारा वेळ म्हणजे दर्यामें खसखस. एकदा ती मधोमध अडकली, तेव्हा लेकानं, आनंदराजनं, बजावलं, "माय, एकटीनं रस्ता ओलांडायचा न्हाई. मी नेतो की."

नेतो म्हणजे रविवारी, तेही त्याला सवड झाली तर. आता सांगा, जल्मभर आपल्या पायानं हिंडलेल्या बाईनं लेकाच्या सवडीकडं डोळे लावून बसायचं? तिला ते लई लागायचं.

नात रेणुका लातूरला इंजिनिअरिंग शिकत होती. तिनं मैत्रिणींना घेऊन एक यंत्र केलं. खांबावर कॅमेरा. रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांवर म्हातारं माणूस दिसलं की ते पार होईपर्यंत गाड्यांचा लाल दिवा हलणार न्हाई. रस्ते खात्याच्या शेषेराव साहेबांनी पसंत केलं तर ते कायमचं बसणार होतं. चाचणीला चालायचा मान अर्थातच आजीचा.

सरजाबाई ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून निघाली. निम्म्यात पोचली, तर समोरून गौरम्मा! दोन महिन्यांनी दिसली बाई. तोंड फिरवून पुढं जायला सरजाबाई काय परक्या गावची होती? थांबली.

"गौरम्मा, गुडघा काय म्हणतोय गं?"

"एक असता तर सांगितलं असतं. आता दोन्ही बोलतेत."

दोघी हसतात न हसतात तोच दिवा हिरवा झाला. भोंगेच भोंगे! एसटीवाल्यानं करकचून ब्रेक मारला म्हणून निभावलं. उभ्या माणसाला यंत्र खांब समजून बसलं होतं.

"आजी, चालत राहायचं की गं!" रेणुका रडकुंडीला आली.

"म्हाताऱ्यांना सांगा, रस्त्यात गप्पा बंद," शेषेराव म्हणाले.

"आता घराबाहेर पडणंच बंद," आनंदराज म्हणाला.

सरजाबाईचं टाळकं सणकलं. "साहेब, म्हातारं माणूस थांबतंच! दम लागतो, चप्पल निसटती, वळखीचं भेटतं. त्यासाठी काय चाकाखाली जावं त्यानं?" मग नातीकडं वळली. "पोरी, कुणाला चालवून शिकवलंस गं ह्याला?"

"मैत्रिणींना. हळू चाला म्हणलं त्यांना."

"हात्तिच्या! तरणी पोर हळू चालली म्हणून म्हातारी होती व्हय?"

शेषेरावांना हसू आलं. त्यांनी पंधरा दिवस दिले.

मग काय, शाळेच्या मैदानावर चुन्याचे पट्टे मारले आणि सरजाबाईनं गावातलं पिकलं पान न् पान तिथं हजर केलं. दगडोबा चार पावलांवर खोकत थांबे. भीमाशंकर अप्पा मधोमध तंबाखू मळत. एक बाई तर खालीच टेकली. कॅमेरा सगळं बघत होता आणि रेणुका रात्रंदिवस त्याला शिकवत होती.

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच पट्टे. सरजाबाई एकटी उतरली. मधोमध गौरम्मा भेटली. थांबून सुनांपासून शेरडापर्यंत सगळ्यांची खुशाली विचारून झाली. दिवा लाल. ट्रक थांबलेले, एसटी थांबलेली, साहेबांची जीपसुद्धा थांबलेली. एका रिक्षावाल्यानं भोंगा दाबला.

"दमानं घे रं बाबा," सरजाबाई म्हणाली, "तू बी म्हातारा होशीलच की."

तिनं पलीकडं पाऊल ठेवलं, तेव्हाच दिवा हिरवा झाला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शेषेरावांनी तिथंच सही ठोकली, आणि रेणुका आजीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.

पलीकडं उभ्या आनंदराजचेही डोळे भरले होते. "चल माय, विहारात नेतो."

पण सरजाबाई माघारी वळली होती. गाड्यांना पुन्हा लाल लागताच ती पट्ट्यांवर उतरली.

"अगं, आता कुठं? तिकडं काय काम हाय?"

"काय बी न्हाई," सरजाबाई म्हणाली. "जाऊन येते."