तीनशे बाराव्या पानावरचा खुनी

एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेल्या धोंडिरामांना सोलापुरातल्या एका पेठेच्या वाचनालयात मोठा मान होता, आणि तो एका पाकिटात मावत असे. रहस्यकादंबरी अर्धी झाली की ते खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहून, पाकीट चिकटवून ग्रंथपाल अतीककडे द्यायचे. रविवारी चहाला चारचौघांत ते फोडलं जायचं. सहा वर्षांत एकही चूक नाही. हरवलेल्या सायकलींबद्दलसुद्धा लोक त्यांचा सल्ला घेत. सायकली सापडत नसत, पण तो दोष सायकलींचा.

यातलं रहस्य एवढंच की, कुणा भल्या वाचकाने खुन्याच्या नावाशी, ते पहिल्यांदा येतं तिथेच, पेन्सिलीचा बारीक ठिपका दिलेला असायचा. धोंडिराम तो शोधत नसत; तो त्यांना दिसायचा. दिसलेल्याकडे काणाडोळा करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

मग एका नामांकित लेखकाची नवी कादंबरी आली. अतीकने ती मानाने पहिल्यांदा त्यांनाच दिली. कोरी करकरीत, म्हणजे आधीचा वाचक नाही, म्हणजे ठिपका नाही. धोंडिरामांनी तरी दीडशे पानं भिंगाखालून काढली. एका ठिकाणी आनंद झाला, तो अनुस्वार निघाला.

शेवटी स्वतःच्या अकलेवर विसंबण्याची वेळ आली. संशय विधवेवर गेला, माळ्यावर गेला आणि दमून कंपाउंडरवर बसला. बुधवारी पाकीट पोचतं झालं.

शनिवारी शेवट वाचला. खुनी मयताचा जुळा भाऊ. तो तीनशे बाराव्या पानावर दुबईहून उतरला आणि तीनशे विसाव्यावर कबुली देऊन मोकळा झाला.

"ह्याला काय लिहिणं म्हणतात?" धोंडिराम स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले.

त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई शेंगदाणे कुटत होत्या. "लई फसवलं बघा. म्हणून तर ठिपका दिला न्हाय मी."

"कसला ठिपका?"

"तुमी दुपारी घोरता तवा मी वाचते की. तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला होते. खोट दिसली की पेन्सिलीनं खूण करायची, हाताला सवय. ह्यात कुटं करू? अख्खा तागाच खराब."

"शेवटी तरी द्यायचा."

"तीनशे बाराव्या पानावर? तुमचं पाकीट बुधवारीच गेलं की."

धोंडिराम पाटावर बसले. "म्हणजे सहा वर्षं तुला ठाऊक होतं?"

"खुशीत असायचा तुमी. खुशीत असलं की भाजी निवडून आणता."

रविवारी अतीकने पाकीट फोडलं आणि हळूच वाचलं, "कंपाउंडर." धोंडिरामांनी रहस्यकथेच्या ऱ्हासावर दहा मिनिटं भाषण केलं. ते रात्रीच पाठ केलं होतं, त्यामुळे फार तळमळीचं झालं.

"ते राहू द्या, चाचा," चहा पुढे करत अतीक म्हणाला. "ह्या वेळी चाचींनी वाचलं नव्हतं का?"

धोंडिरामांनी कप खाली ठेवला. अतीकने खणातून झिजून वाटाण्याएवढं झालेलं खोडरबर काढून दाखवलं. "तुमच्याकडून पुस्तक परत आलं की ठिपका पुसतो मी. पुढच्याची मजा जायला नको."

बाकीचे तिघे एकाएकी बशीत बघायला लागले. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं.

धोंडिरामांनी चहा संपवला, कपाटातली पुढची कादंबरी काढली आणि टेबलावर ठेवली. "हे आमच्या मंडळींच्या नावावर लिही."

"आणि पाकीट?"

"ते मीच आणीन," धोंडिराम म्हणाले. "तिला कुठं उन्हातनं पाठवायचं."