ठिगळ्याच्या डोक्यावर

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. उन्हात घालायची नव्हे, रग्बी खेळताना घालायची. माझ्या कापडाच्या दोन थरांमध्ये स्पंजच्या वड्या शिवलेल्या आहेत, कानांसाठी दोन भोकं आहेत आणि हनुवटीखाली बांधायला एक पट्टा. माझा काळा रंग विटून राखाडी झाला आहे आणि डाव्या बाजूच्या वड्या पार चपट्या झाल्या आहेत. त्या चपटेपणाची गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म शिलाईयंत्रांच्या खडखडाटात झाला. जिने मला शिवलं तिने रग्बी कधी पाहिली नव्हती. मला उलटंसुलटं करून ती शेजारणीला म्हणाली, "टोपडंच आहे की गं. एवढं मोठं बाळ कोणाचं?" दोघी हसल्या आणि मी खोक्यात गेले.

मला विकत घेतलं ते लाँड्रीत काम करणाऱ्या एका बाईने. हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करून तिचे हात कायम लालभडक असत. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला तिनेच वाढवलं. त्या भावाची देशाच्या संघात निवड झाली होती. आदल्या मोसमात त्याचा एक कान फाटला होता. एका काखेत तान्ही लेक धरून तिने दुसऱ्या हाताने मला त्याच्या डोक्यावर चढवलं आणि पट्टा आवळला.

"ताई, गळा दाबतेस का?"

"आधीच तोंड यथातथा," ती म्हणाली. "त्यात कान गेला तर मुली पाठ फिरवतील. जा आता."

रग्बीत एका बाजूला पंधरा खेळाडू असतात. आठ आडदांड गडी पुढे रेटारेटी करतात आणि मागच्या फळीतले सात जण चेंडू घेऊन पळतात, लाथेने लांब मारतात, अंगावर येणाऱ्याला लोळवतात. मागच्या फळीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. माझ्या मालकाची तेवढी ठरलेली नव्हती, कारण त्याला सगळंच येत होतं. पहिल्या सामन्याच्या सकाळी कडेच्या खेळाडूचा पाय मुरगळला आणि याला कडेला उभं केलं. तो असा सुटला की प्रेक्षक बाकांवर चढले. पुढच्या सामन्यात या सातांच्या मधल्या फळीत खिंडार पडलं, हा तिथे गेला. चेंडू मारणाऱ्याला ताप आला, हा चेंडू मारायला उभा राहिला. आघाडीचा एक लठ्ठ गडी होता, त्याला सगळे भोपळा म्हणत. तो म्हणाला, "जिथे फाटेल तिथे हा. याचं नाव ठिगळ्या." नाव चिकटलं ते चिकटलंच.

सुरुवातीला त्याला त्या नावाची गंमत वाटायची. वर्तमानपत्रांत त्याचं कौतुक यायचं आणि ताई ती पानं लाँड्रीच्या भिंतीवर डकवायची. पण त्याला हवी होती एकच जागा. अगदी शेवटची, पंधरा नंबरची. तिथे एकटं उभं राहायचं आणि आभाळातून येणारा चेंडू समोरून घोडदळ धावून येत असताना छातीशी घ्यायचा. त्यात त्याचा हात कोणी धरला नसता. पण ती जागा कोणाची तरी असायची आणि दुसरीकडे कुठे तरी फाटलेलं असायचं. मधल्या फळीत त्याच्यापेक्षा दीडपट वजनाचे लोक अंगावर यायचे. प्रत्येक धडकेनंतर तो उठून डोकं झटकायचा आणि मला सरळ करायचा. हळूहळू हे झटकणं वाढत गेलं.

विश्वचषकाआधी प्रशिक्षक त्याला म्हणाले, "या वेळी पंधरा नंबर तुझा. उद्याचा सराव सामना तेवढा मधल्या फळीत काढ. माणूस नाही माझ्याकडे."

"सर, नक्की ना?"

"शब्द दिला."

त्या सामन्यात समोरच्या धिप्पाड खेळाडूला अडवायला तो वाकला आणि त्याचा गुडघा याच्या डाव्या कानशिलावर बसला. माझ्या वड्या दबल्या, पण आवाज आतून आला. तो पडला, उठला आणि चुकीच्या बाजूला चालू लागला. संघाच्या डॉक्टर धावत आल्या. त्यांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाल्या, "हा बाहेर."

प्रशिक्षक कडेला आले होते. राखीव खेळाडू संपले होते. ते म्हणाले, "टोपी आहे ना डोक्यावर?"

"टोपीने कान वाचतात, कातडी वाचते. मेंदू आतल्या आत कवटीवर आपटतो. त्याला टोपी काय करणार?"

प्रशिक्षकांनी डॉक्टरांकडे पाठ केली आणि त्यालाच विचारलं, "काय रे, खेळतोस ना?"

मित्रांनो, नाही म्हटलं असतं तर ती जागा गेली असती. तो म्हणाला, "खेळतो, सर." डॉक्टर पुन्हा काही तरी बोलल्या, पण शिट्टी वाजली होती.

तो खेळला आणि चांगला खेळला. शेवटचा चेंडू त्यानेच रेषेपलीकडे टेकवून गुण मिळवले. परतीच्या बसमध्ये तो भोपळ्याच्या शेजारी बसला होता. मी त्याच्या मांडीवर होते.

"आपण कुठे चाललोय?" त्याने विचारलं.

भोपळा मोठ्याने हसला. "जिंकलो म्हणून पार्टीला."

"जिंकलो का?"

भोपळ्याचं हसू विरलं. पण तो कोणाला काही बोलला नाही, कारण ठिगळ्याला ती जागा किती हवी होती हे त्यालाही ठाऊक होतं.

विश्वचषकात त्याला पंधरा नंबर मिळाला. पहिल्याच सामन्यात एक उंच चेंडू त्याच्याकडे आला. असे चेंडू तो पोरवयापासून झोपेतही घेऊ शकत होता. त्याने वर पाहिलं आणि हात पसरले, पण चेंडू जिथे होता तिथे पसरले नाहीत. चेंडू त्याच्या पाठीमागे पडला आणि समोरून आलेले दोघे त्याच्यावर आदळले. या वेळी तो उठला नाही. देशासाठी तो पुन्हा कधीच खेळला नाही.

तो ताईकडे राहायला आला, लाँड्रीवरच्या दोन खोल्यांत. मला दाराजवळच्या खिळ्यावर टांगलं. तिथून मी सगळं पाहिलं. उजेड सोसत नाही म्हणून तो दिवसा पडदे ओढायचा. पातेलं पडलं तरी ताईच्या अंगावर धावून जायचा आणि मग स्वतःच रडायचा. शाळेत मुलांना खेळ शिकवायची नोकरी लागली, तर रस्ता विसरून भलत्याच शाळेत जाऊन बसला. भोपळा अधूनमधून भेटायला यायचा, जुन्या गमती सांगायचा. हा त्याच्याकडे पाहून सभ्यपणे हसायचा. पुढे भोपळ्याने येणं कमी केलं. संघाकडून तर कोणीच आलं नाही.

ताईची लेक मोठी झाली. तिला सगळे चिमणी म्हणत. शाळेत मुलींचा रग्बीचा संघ निघाला आणि चिमणी हट्टाला पेटली. ताईने आधी साफ नकार दिला, मग लेकीचा अबोला सहन होईना म्हणून मला खिळ्यावरून काढून तिच्या हातात दिलं.

"आणि मामालाही घेऊन जाऊ सामन्याला," चिमणी म्हणाली.

त्या दिवशी तो ताईजवळ बाकावर बसला होता, कोट गळ्यापर्यंत लावून. उत्तरार्धात चिमणी एका मुलीला अडवायला गेली आणि दोघींची डोकी एकमेकींवर आपटली. मला तो आवाज ओळखीचा होता. चिमणी उठली आणि दोन पावलं तिरकी गेली.

"बरी आहेस का?" संघाला शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं.

"बरी आहे, बाई. खेळते."

एवढ्यात तो मैदानात आला. कोणाच्या ध्यानात येण्याआधी रेषा ओलांडून तो सरळ तिच्यापर्यंत चालत आला. त्याने तिचा हात धरला.

"बाहेर चल."

"सोड ना मामा. माझी जागा जाईल."

"जाऊ दे."

बाई म्हणाल्या, "अहो, ती म्हणतेय ना बरी आहे म्हणून."

"मीही म्हणालो होतो," तो म्हणाला आणि तिला घेऊन निघाला. ती हुंदके देत होती, हात ओढत होती. त्याने सोडला नाही. बाकाशी आणून तिला बसवलं, माझा पट्टा सोडून मला काढलं आणि आपला कोट तिच्या खांद्यांवर घातला. थोड्याच वेळात तिला उलटी झाली, तेव्हा बाई घाबऱ्या होऊन डॉक्टरला बोलवायला धावल्या.

ताई लेकीची पाठ चोळत होती. तो तिच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "ताई, पोरगी कोणाची आहे गं? तिच्या घरी कळवायला हवं."

ताई म्हणाली, "आपलीच आहे. बस तिच्याजवळ."

तो बसला.

चिमणी बरी झाली. डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस ती पडदे ओढलेल्या खोलीत राहिली, मामासोबत. आता ती पुन्हा खेळते, दुसरी टोपी घालून. तो मात्र आता ताईलाही कधीकधी परकी समजून बाई म्हणून हाक मारतो.

मित्रांनो, खेळू नका असं मी म्हणणार नाही. टोपी जरूर घाला. पण तुमच्या डोक्याची राखण मी करीन असं समजू नका, तेवढी माझी ताकद नाही. मार बसला तर बाहेर या आणि घरी सांगा. आणि तुमच्या मोठ्या माणसांना माझा एवढा निरोप द्या, की पडलेल्या पोराला खेळतोस का असं विचारू नका. ते हो म्हणणार. त्याला उठवा आणि घरी न्या.